हमीची मुदत

घरात नवी वस्तू येते तो दिवस पंचांगात नसला तरी सणाचाच असतो. शेजारीपाजारी ती पाहावयास येतात, वडीलधारी माणसे तिला हळदकुंकू वाहतात आणि मुले खोक्यातल्या पांढऱ्या थर्मोकोलचे किल्ले रचतात. या गडबडीत खोक्याच्या तळाशी एक घडी घातलेला कागद उरतो. त्याचे नाव हमीपत्र. त्यावरील बारीक अक्षरे वाचण्याची उसंत त्या दिवशी कोणालाच नसते. दुकानदार त्यावर शिक्का मारतो, तारीख घालतो, आणि घरधनी तो कागद शिधापत्रिकेच्या शेजारी ट्रंकेत जपून ठेवतो. वस्तू सुरळीत चालत असेपर्यंत त्या कागदाची आठवण कोणास होत नाही. ती होते वस्तू बंद पडते त्या दिवशी. आणि पुष्कळदा असे घडते, की त्याच्या थोडेच आधी त्या कागदाचे आयुष्य संपलेले असते.

गिरगावातील एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर २०२३ च्या गुढीपाडव्याला असाच एक सण साजरा झाला. त्या वर्षी पाडवा २२ मार्चला होता. दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात आजी, आई, बाबा आणि सहावीत शिकणारा एक मुलगा अशी चार माणसे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आजींना जिना उतरणे जवळजवळ अशक्य झाले होते. देवळातले कीर्तन, भाजीबाजारातल्या ओळखी, नातेवाइकांकडचे समारंभ, सारे जग त्यांच्यापासून तीन मजले खाली राहिले होते. म्हणून बाबांनी त्यांच्यासाठी बारा हप्त्यांच्या कराराने एक मोठा टीव्ही आणला. भिंतीतल्या कोनाड्यात तो नेमका बसला. त्यावर धूळ बसू नये म्हणून आजींनी क्रोशाचे एक सुंदर आच्छादन विणले आणि ते संचाच्या माथ्यावरून पाठीवर सोडले. सकाळच्या अभंगांपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत दिवसाचे आठेक तास तो संच चाले. एक वर्ष त्याने घराला तक्रारीची संधी दिली नाही.

२०२४ च्या मार्च महिन्यात शेवटचा हप्ता फिटला. बाबांनी समाधानाचा श्वास सोडला. आणि २ एप्रिलच्या संध्याकाळी संचाचा पडदा एकाएकी काळा झाला. खालचा तांबडा दिवा तेवढा काजव्यासारखा उघडझाप करू लागला. बाबांनी खटका पुन्हा पुन्हा दाबून पाहिला, तारा हलवून पाहिल्या. पण पडदा उजळला नाही. तेव्हा ट्रंकेतून हमीपत्र बाहेर निघाले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातून एक तरुण आला. बोलण्यात तो अत्यंत नम्र होता. कागदावरील तारीख पाहून तो म्हणाला, “वॉरंटी २१ मार्चला संपली. तुम्हांला बारा दिवस उशीर झाला.”

“उशीर कसला, बाळा?” आजी म्हणाल्या. “पाडव्याला आणला, आणि पाडवा अजून आठवड्यावर आहे. मग वर्ष कुठं भरलं?”

आजींचा हिशेब चुकीचा नव्हता. २०२३ साली श्रावण अधिक आला होता. त्यामुळे त्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत बारा नव्हे, तेरा चांद्रमास, म्हणजे ३८४ दिवस होते. परंतु हमीपत्राला अधिक मास ठाऊक नसतो. तरुणाने हसून मान हलवली, संचाची पाठ उघडून पाहिली आणि वीजपुरवठ्याचा संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. त्याची किंमत नव्या संचाच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी होती. “एवढे पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्या,” असा सल्लाही तो जाताना देऊन गेला.

त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. बाबांच्या मनात पुन्हा बारा हप्त्यांचा हिशेब सुरू झाला होता. ते पाहून आजी म्हणाल्या, “माझ्यासाठी काही आणू नका. मला माझी पोथी आहे.” परंतु पोथीतली अक्षरे त्यांना चष्म्यातूनही नीट दिसत नाहीत, हे घरातील प्रत्येकाला माहीत होते.

शेजारच्या खोलीतील काकांना हे कळले तेव्हा त्यांनी आपला निकाल तत्काळ दिला. “आत एक अदृश्य घड्याळ बसवलेलं असतं. मुदत संपली, की वस्तू बंद! त्याशिवाय नव्या वस्तू खपायच्या कशा?” मुलाला हे बोलणे पटले. त्याच्या मनात त्या न पाहिलेल्या कारखान्याविषयी राग दाटून आला. आजीला फसवणारा माणूस कसा दिसत असेल, याचाच विचार करीत तो त्या रात्री झोपी गेला.

काकांचा संशय हा केवळ त्यांचा नाही. जगात कोट्यवधी माणसांच्या मनात तो येतो. आणि त्याला इतिहासात आधार नाही असेही नाही. १९२४ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा या शहरात विजेचे दिवे बनवणाऱ्या निरनिराळ्या देशांतील मोठ्या कारखानदारांनी एक गुप्त करार केला. त्यांच्या या संघास ‘फीबस’ असे नाव होते. त्या काळचे दिवे १,५०० ते २,००० तास जळत. संघाने ठरवले, की यापुढे दिव्याने १,००० तासच जळावे. प्रत्येक कारखान्याच्या दिव्यांचे नमुने तपासण्यात येत आणि ज्याचे दिवे ठरल्यापेक्षा अधिक काळ टिकत त्यास दंड होई. चांगला माल बनवल्याबद्दल दंड! दिव्याची तार अधिक तापवली, की तितक्याच विजेत प्रकाश अधिक पडतो, मात्र तार लवकर झिजते, असे समर्थन कारखानदारांनी केले. त्यात शास्त्रीय तथ्य होते. परंतु दंड आकारण्यामागे मुख्य हेतू दिव्यांचा खप वाढवण्याचा होता, हेही लपून राहिले नाही. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि तो संघ मोडला.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले आहे. लिव्हरमोर गावच्या अग्निशामक दलाकडे १९०१ साली लावलेला एक दिवा शंभर वर्षे उलटून गेल्यावरही जळत राहिला. त्याचा उजेड अगदी मंद, रात्री वाट दाखवण्यापुरता. शिवाय तो सहसा विझवला जात नाही. त्यामुळे तापणे-निवणे, तापणे-निवणे हा जाच त्याच्या तारेला सोसावा लागला नाही. २०१३ च्या मे महिन्यात एके दिवशी तो विझलेला आढळला आणि त्याचे आयुष्य सरले असे सर्वांना वाटले. काही तासांनी शोध लागला, की दिवा ठणठणीत आहे. वीज खंडित होऊ नये म्हणून त्याच्यासाठी बसवलेले आधुनिक यंत्रच बिघडले आहे! ते यंत्र वगळून वीज जोडताच म्हातारा दिवा पुन्हा उजळला.

एवढ्यावरून प्रत्येक बंद पडलेल्या वस्तूच्या पोटात कपट दडलेले असते असे मानणे मात्र न्यायाचे होणार नाही. रोगाचे निदान रोगी तपासूनच करावे लागते.

गिरगावातील त्या रोग्यास तपासण्यासाठी ४ एप्रिलला एक वृद्ध कारागीर जिना चढून आले. चाळीच्या समोरच त्यांचा अरुंद गाळा होता. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करीत, म्हणून चाळ त्यांना अजूनही ‘रेडिओवाले’ म्हणे. त्यांनी प्रथम संचाची वीज तोडली, मग पाठीवरचे क्रोशाचे आच्छादन हलकेच उचलून घडी करून ठेवले आणि स्क्रू काढले. आत धुळीचा करडा थर बसला होता. मुलगा पुढे वाकताच त्यांनी त्याला हाताने थोपवले.

“लांबून पाहा. वीज काढली तरी ही काही काळ आत दबा धरून बसते. शिकल्याशिवाय इथे बोट घालायचं नाही.”

सावधगिरीने ती साठलेली वीज काढून टाकल्यावर त्यांनी बोर्डावरील बोटाच्या पेराएवढ्या दोन नळकांड्यांकडे लक्ष वेधले. इतर नळकांड्यांचे माथे सपाट होते. या दोहोंचे माथे फुगून वर आले होते. विज्ञानाच्या पुस्तकात यांना ‘धारित्र’ म्हणतात; कारागिरांच्या बोलीत हे ‘कंडेन्सर’. विजेचा प्रवाह चढउतार करीत येतो. कंडेन्सर तो क्षणभर साठवून संथपणे पुढे सोडतो. त्याच्या आत अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एका द्रवात भिजवलेला कागद यांची गुंडाळी असते. उष्णतेने हा द्रव हळूहळू आटतो, बिघडतो, त्याचा वायू होऊन माथा फुगतो आणि कंडेन्सर निकामी होतो.

“म्हणजे घड्याळ नाहीच आत?” मुलाने विचारले.

“आहे की! हेच घड्याळ,” फुगलेल्या माथ्यावर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवीत ते म्हणाले. “पण याला किल्ली देते ती उष्णता.”

आणि त्यांनी एक हिशेब सांगितला. साध्या प्रतीचा कंडेन्सर १०५ अंश सेल्सिअस तापमानात २,००० तास टिकेल, असे त्याचा निर्माता सांगतो. तापमान १० अंशांनी उतरले, की हे आयुष्य सुमारे दुप्पट होते. मुलाने वहीत आकडे मांडले. ९५ अंशांना ४,००० तास. रोज आठ तास संच चालला, तर ५०० दिवस. म्हणजे दीड वर्षही नाही. ८५ अंशांना १,००० दिवस. ७५ अंशांना २,००० दिवस, म्हणजे साडेपाच वर्षांच्या आसपास. तोच संच, तोच कंडेन्सर. परंतु वीस अंशांच्या फरकाने आयुष्य चौपट झाले.

“कारखान्यानं थोडे रुपये अधिक घालून चांगल्या प्रतीचा कंडेन्सर घातला असता, किंवा हा या तापणाऱ्या धातूच्या पट्टीपासून दूर बसवला असता, तर तो आणखी टिकला असता. ती त्यांची चूक,” रेडिओवाले म्हणाले. मग त्यांनी घडी केलेल्या आच्छादनाकडे पाहिले आणि आवाज थोडा मऊ केला. “संचाच्या पाठीवर ही जी भोकं आहेत, ती गरम हवा बाहेर जाण्यासाठी असतात. कोनाडा तीन बाजूंनी बंद, आणि चौथीकडून हे पांघरूण. आजी, तुम्ही मायेनं घातलंत. पण त्याला बिचाऱ्याला श्वास घेता येईना.”

खोलीत क्षणभर शांतता पसरली. आजींनी आपल्या हातच्या त्या नक्षीकडे पाहिले. “बाई ग! मीच त्याला कोंडून घातलं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. मुलाला काय बोलावे ते सुचेना. दोन दिवस तो ज्या अपराध्याचा चेहरा कल्पनेने रंगवीत होता, तो चेहरा असा घरात निघेल असे त्याला वाटले नव्हते. “सारा दोष पांघरुणाचा नाही, आजी,” रेडिओवाले घाईने म्हणाले. “चांगला कंडेन्सर असता तर त्यानं तुमची मायाही सोसली असती.”

मग हमीची मुदत आणि संचाचा अंत इतके जवळ जवळ कसे आले? याचे उत्तर हमी कशी ठरते यात आहे. यंत्रांच्या बिघाडांचा अभ्यास करणारे अभियंते एक आलेख काढतात. त्याचा आकार आंघोळीच्या टबासारखा असतो : आरंभी उंच, मध्ये सपाट आणि शेवटी पुन्हा उंच. काही यंत्रांत जन्मतःच दोष असतात. ती पहिल्या काही दिवसांतच बंद पडतात. जी त्यातून तरतात, ती दीर्घकाळ सुखाने चालतात. पुढे भाग झिजू लागले, की बिघाड पुन्हा वाढतात. हमीच्या मुदतीत जे बिघडेल ते कारखान्याला स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावे लागते. म्हणून शहाणा कारखानदार हमीची रेघ आलेखाचा हा दुसरा चढ सुरू होण्यापूर्वी ओढतो. आणि मुदतीत वस्तू टिकावी एवढीच काळजी तो घेऊ लागला, तर रेघेपलीकडच्या दिवसांसाठी अधिक चांगला भाग घालण्याचे त्याला कारण उरत नाही. येथे कोणी घड्याळ बसवीत नाही. परंतु काटकसर करणारा हात कोठे थांबतो, हे त्या तारखेवरून ठरते. त्यातच मुदतीत बिघडलेली वस्तू निमूटपणे दुरुस्त होते आणि विस्मरणात जाते. मुदतीनंतर चार वर्षांनी बिघडलेल्या वस्तूबद्दल कोणी हळहळत नाही. बारा दिवसांनी बिघडलेली वस्तू मात्र जन्मभर लक्षात राहते आणि दहा घरी सांगितली जाते.

या काटकसरीस आळा घालण्याचा प्रयत्न अलीकडे काही सरकारांनी केला आहे. वस्तूचे आयुष्य बुद्ध्या कमी करणे हा फ्रान्सने २०१५ साली कायद्याने गुन्हा ठरवला. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे दाखवणारे दहापैकी गुण काही वस्तूंवर छापण्याची पद्धतही त्या देशाने २०२१ साली सुरू केली. भारतात ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा प्रथम १९८६ साली झाला आणि त्याच्या जागी २०१९ साली नवा आला. सुटे भाग, दुरुस्तीची केंद्रे आणि हमीच्या अटी यांची माहिती ग्राहकास एके ठिकाणी मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे दालनही उघडले. या साऱ्यांमागील विचार साधा आहे. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू केवळ दुरुस्त करणारा कोणी नाही म्हणून भंगारात जाऊ नये. टाकून दिलेल्या संचाबरोबर त्यातील तांबे, अॅल्युमिनियम, काच आणि ती घडवण्यासाठी खर्च झालेले इंधन आणि श्रमही वाया जातात. आणि शिसे व पारा यांसारखी विषे ज्यांत असतात असे जुने संच मातीपाण्यालाही अपाय करतात.

५ एप्रिलच्या सकाळी रेडिओवाले मुलाला बरोबर घेऊन लॅमिंग्टन रोडवर गेले. या रस्त्याचे नाव आता डॉ. भडकमकर मार्ग असे आहे. परंतु यंत्रांचे सुटे भाग शोधणारी मुंबई त्याला जुन्याच नावाने ओळखते. तिथल्या दुकानांत बरण्यांतून आणि खणांतून नाना आकारांचे भाग धान्यासारखे भरून ठेवले होते. रेडिओवाल्यांनी तेवढ्याच शक्तीचे, पण अधिक टिकाऊ प्रतीचे दोन कंडेन्सर निवडून घेतले. दोन्हींची किंमत ऐकून मुलगा चकित झाला. त्या पैशांत दोन वह्यादेखील आल्या नसत्या. घरी परतल्यावर जुने कंडेन्सर निघाले, त्यांच्या जागी नवे सोल्डर झाले, आतली धूळ ब्रशाने झाडली गेली. खटका दाबताच तांबडा दिवा स्थिर झाला आणि पडदा उजळला. आजींनी हात जोडले. ते पडद्यावरच्या देवाला की समोरच्या कारागिराला, हे कळले नाही.

भाग आणि मजुरी मिळून खर्च एका हप्त्याहूनही कमी आला. पैसे देताना बाबांनी सवयीने विचारले, “आता याची गॅरंटी किती दिवसांची?”

रेडिओवाले आपली हत्यारे पिशवीत भरीत होते. ते म्हणाले, “कागद काही मी देत नाही. गाळा समोरच आहे. गॅलरीतून हाक मारलीत तरी ऐकू येईल.”

९ एप्रिलला पाडवा आला. गॅलरीत गुढी उभी राहिली. आजींच्या हिशेबाने वर्ष त्या दिवशी पुरे झाले, आणि ते पुरे झाले तेव्हा संच चालू होता. तो आता कोनाड्यातून निघून मोकळ्या भिंतीशी, पाठीमागे वीतभर जागा सोडून बसला होता. बाबा ट्रंकेतले जुने हमीपत्र फाडून टाकणार होते; पण मुलाने ते मागून घेतले. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिले : ‘५ एप्रिल २०२४. दोन कंडेन्सर बदलले. पाठ मोकळी ठेवणे. दर दोन महिन्यांनी धूळ झाडणे.’ आणि तो कागद पुन्हा शिधापत्रिकेशेजारी ठेवून दिला.

क्रोशाचे ते आच्छादन आजींनी धुऊन वाळवले आणि आपल्या पोथीवर घातले.